पोटासाठी गेला, हे खरंच आहे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकानं लिहिलं आहे की, विदर्भातली पोरं फौजेत जातात ती कापसाला भाव नाही म्हणून. त्यांना देशभक्त, ध्येयवेडे वगैरे म्हणणं थांबवा. पत्र मी दोनदा वाचलं. राग आला नाही, कारण अर्धं पत्र खरं आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहितो. जागा कमी पडली तर शेवटून कापा, मधून नको.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात डाकसेवक होतो. 1981 पासून 2023 पर्यंत, 42 वर्षं, एक सायकल आणि तीन गावं. 2001 पर्यंत आम्हाला 'ईडी' म्हणायचे, म्हणजे खात्याच्या कामाचे पण खात्याबाहेरचे. आता ईडी म्हटलं की मोठमोठ्यांना घाम फुटतो. आम्हाला तेव्हा गावचं कुत्रंसुद्धा भीत नव्हतं.

फौजेशी माझा संबंध पत्त्यापुरता. सैनिकाच्या पत्त्यात गाव नसतं. नंबर, रँक, नाव, युनिट आणि खाली '56 एपीओ' किंवा '99 एपीओ', म्हणजे फौजेचं पोस्ट, बस. 56 चं टपाल दिल्लीवरून जातं, 99 चं कोलकात्यावरून. 99 दिसलं की पोरगा पूर्वेकडं आहे एवढं कळायचं. त्याहून जास्त पोस्टमनलाही कळू नये, अशीच ती व्यवस्था.

माझ्या तीन गावांपैकी एका गावातला एक जण 1985 ला भरती झाला होता. 1999 च्या मे महिन्यात त्याचं एक पत्र आलं. मग जून गेला, जुलै गेला. कारगिलची लढाई चालू होती, पेपरात तोलोलिंग, टायगर हिल अशी नावं यायची. त्याची माय रोज निंबाखाली बसून माझी वाट पाहायची. पिशवीत तिच्यासाठी काही नसलं की मी मागच्या बोळीतून निघून जायचो. तीन दिवस तसं केलं. चवथ्या दिवशी ती त्या बोळीतच येऊन बसली. म्हणाली, "नसलं त नाई म्हणून सांगत जा ना बापा. तोंड कायले लपोतं?" ऑगस्टमध्ये पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. चार ओळी होत्या. तब्येत ठीक. डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणी, झाली का. तांबड्या बैलाच्या खांद्याला तेल लावत जा. पैसे पाठवतो. लढाईचा एक शब्द नाही. बैलाचं ऐकून बाई रडली.

तो माणूस 2004 मध्ये हवालदार होऊन पेन्शनवर आला आणि यवतमाळात एका बँकेवर गार्ड म्हणून लागला. त्याचं पुढं येईल.

आता पुतण्या. माझा भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी लहान, साडेचार एकर कोरडवाहू. त्याचा हा मुलगा, जन्म 2004 चा. नाव लिहीत नाही. "माहं नाव, युनिट, जागा कुठंच छापू नोका" असं त्यानंच बजावलं आहे. 42 वर्षं बिनगावाचे पत्ते वाचल्यामुळं मला ते समजतं.

2017 च्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषानं वीसहून जास्त माणसं मेली, ते आपल्याच पेपरात महिनाभर छापून येत होतं. माझा भाऊ त्याच दिवसांत पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कपाशीत, पंप पाठीवर असताना पडला. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, फवारा सरळ तोंडावर येत होता. यवतमाळच्या दवाखान्यात पाच दिवस होता. वॉर्डात जागा नव्हती. काही जणांना विषानं भ्रम झालेला, त्यांचे हात खाटेला बांधून ठेवावे लागले होते. पोरगा तेरा वर्षांचा, बापाच्या पायाशी बसून.

तो हवालदार तिथं होता. त्याचा चुलतभाऊ दोन खाटा सोडून पडला होता. पण हा माणूस रात्रभर सगळ्या खाटांवरून फिरायचा. कोणाचं सलाइन संपत आलं, कोणाला उलटी झाली, कोणाच्या घरी फोन करायचा राहिला, सगळं एका वहीत लिहून ठेवलेलं. पहाटे डॉक्टर आले की वही घेऊन उभा. आमच्या पोराला त्यानं सलाइनची बाटली धरायला लावलं, अनोळखी माणसाची. घरी आल्यावर पोरानं मला एकच विचारलं, "मोठे बाबा, त्याईले याचे पैसे भेटतात काय?" मी म्हटलं, नाही. तो काही बोलला नाही.

आपल्या पत्रलेखकांना मी हे सांगतो आहे, कारण त्यांना वाटतं ध्येय म्हणजे 26 जानेवारीच्या भाषणातून पोरांच्या डोक्यात भरलेलं काहीतरी. आमच्या पोराच्या डोक्यात ते भाषणातून गेलं नाही. भाषणाच्या वेळी तो मागं बसून बोरं खायचा.

हवालदार त्याच सुमारास बँक सोडून गावी आला आणि पहाटे साडेचारला पोरांना रस्त्यावर पळवू लागला. फी नाही. अटी दोन. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, बंद. आणि जो पहिला येईल त्यानं तसंच मागं वळून जायचं आणि शेवटच्या पोरासोबत पुन्हा पळत यायचं. पहिल्या अटीवरच पाच-सहा जण गळले. दुसऱ्या अटीवर पोरं चिडायची, कारण पहिला येणारा दुप्पट दमायचा. आमचा पुतण्या वर्षभर शेवटचा होता. मग मधला झाला. 2022 च्या हिवाळ्यात पहिला यायला लागला आणि मागं वळून जायला लागला. घड्याळ माझ्याकडं असायचं.

अग्निवीर भरतीचं, म्हणजे फौजेतल्या चार वर्षांच्या नोकरीचं, फार सांगत नाही, घरोघरी माहीत आहे. 2023 पासून आधी ऑनलाइन पेपर, मग ग्राउंड. 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर 60 मार्क, दहा बीम (पुलअप) मारले तर 40. नागपूरला रात्री दोन वाजता रांगेत उभे राहिले, उजाडायच्या आत पळून मोकळे. पाच मिनिटं चोवीस सेकंद. मेडिकल निघालं, मेरिटमध्ये नाव लागलं.

आणि ऑक्टोबरमध्ये, तो निघायच्या थोडे दिवस आधी, बातमी आली: बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनमध्ये ड्युटीवर असताना गेला. आमच्यासारख्याच शेतकऱ्याचा पोरगा, आमच्याच वऱ्हाडातला. चौकातल्या पानटपरीवर त्या दिवशी चर्चा एकच, विम्याचे 48 लाख आणि वरचे किती. त्या पोराचं नावही धड कोणाला सांगता येत नव्हतं. माझ्या भावानं मुलाला सांगितलं, "नोको जाऊ. अर्धपोटी राहू." पोरगा रात्री हवालदाराकडं जाऊन आला. काय बोलले दोघं, मला ठाऊक नाही. सकाळी त्यानं पेटीला रंगानं नंबर टाकून घेतला.

पगारासाठीच जायचं असतं तर त्या आठवड्यात थांबायला त्याच्याकडं चांगलं कारण होतं.

जून 2024 मध्ये कामठीला कसम परेड झाली. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र तिथं आहे. ऐन मृगाचे दिवस. भाऊ म्हणे, पेरणी टाकून कसं येऊ. वहिनीनं ऐकलं नाही. दारव्ह्याहून यवतमाळ, यवतमाळहून नागपूर, तिथून कामठी. गावात शिरताना मला आर्मी पोस्टल सर्व्हिसच्या केंद्राची पाटी दिसली आणि मी एसटीत उभाच राहिलो. 56 एपीओच्या पत्रांवर जन्मभर शिक्के मारले. ती पत्रं पुढं बर्फापर्यंत नेणारी पोस्टाची माणसं आमच्या विदर्भातच तयार होतात, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं!

गार्ड्सचं ब्रीद आहे, 'पहला हमेशा पहला'. भिंतीवर वाचलं तेव्हा मला हवालदाराची अट आठवली. पहिला आलास ना, जा आता मागं.

या रेजिमेंटचं मला एक फार आवडलं. इंग्रजांनी पलटणी जातीवर, जमातीवर उभ्या केल्या होत्या. आधी ज्या महारांनी पलटणी गाजवल्या त्यांनाच पुढं 'लढाऊ जमात नाही' म्हणून भरती बंद केली. बाबासाहेबांचे वडील रामजी हे त्याच जुन्या फौजेतले सुभेदार. बाबासाहेबांनी पाठपुरावा केला तेव्हा कुठं 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये जनरल करिअप्पांनी गार्ड्स उभी केली ती देशातल्या सगळ्या भागांची, सगळ्या जातींची माणसं एकत्र घेऊन. आमच्या पोराच्या बराकीत एक केरळचा, एक ओडिशाचा, दोन राजस्थानचे. त्याचा बडी झारखंडचा उरांव आदिवासी. बडी म्हणजे जोडीदार. पहाऱ्यावर, जेवणात, आजारपणात दोघं सोबत. वहिनीनं जवसाची चटणी पार्सल केली की निम्मी त्या पोराच्या पोटात जाते.

झारखंडवरून आठवलं. 2000 साली आमच्या खात्यानं लान्स नायक अल्बर्ट एक्का यांचं तिकीट काढलं होतं. मी तेव्हा ते विकलंही, पण माणूस कोण हे विचारलं नव्हतं. कामठीला कळलं. 14 गार्ड्स. आदिवासी शेतकऱ्याचा मुलगा. डिसेंबर 1971 मध्ये गंगासागरच्या लढाईत शत्रूची मशीनगन त्यांच्या साथीदारांना टिपत होती, म्हणून ते एकटे तिच्यावर धावून गेले आणि बंद पाडली. जखमी झाले, तरी पुढं जात राहिले. मग एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरून दुसरी मशीनगन सुरू झाली. ते सरपटत गेले, ग्रेनेड टाकला, भिंत चढून वर गेले, तीही बंद केली. त्यानंतर जखमांनी प्राण सोडला. परमवीर चक्र मिळालं. आता मी आमच्या पत्रलेखकांना विचारतो, भरतीच्या दिवशी एक्का कशासाठी गेले असतील? घरी शेती होती, गरिबी होती. पगारासाठीही गेले असतील. त्या भिंतीवर मात्र ते पगारासाठी चढले नव्हते.

परेडमध्ये शपथ झाली. पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री असे आपापले ग्रंथ घेऊन उभे होते, समोर तिरंगा. मी कान देऊन ऐकलं. शपथेत सर्वांत आधी भारताच्या संविधानाशी निष्ठा येते. मग जमिनीवरून, समुद्रातून किंवा हवेतून जिथं हुकूम होईल तिथं जाईन. मग वरिष्ठांचा हुकूम जिवावर बेतलं तरी पाळीन. कोण्या पक्षाचं, कोण्या माणसाचं नाव त्यात नाही. कोणाचा द्वेष करीन असंही नाही. मी हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्याकडं फौजेच्या नावानं जे ओरडतात त्यांच्या तोंडी बहुतेक याच दोन गोष्टी असतात, कोण्या माणसाचं नाव आणि कोणाचा तरी द्वेष. भावाच्या शर्टाला गौरव पदक लावलं. तो त्या दिवशी परत येऊन रात्री ट्रॅक्टरच्या उजेडात तूर पेरायला गेला, शर्ट तोच.

त्या वर्षी 15 ऑगस्टला चौकात फ्लेक्स लागला. अकरा पुढाऱ्यांचे फोटो आणि खालच्या कोपऱ्यात आमचा पोरगा, हातात बंदूक. त्याला मोबाईलवर फोटो गेला. फोन आला, "मोठे बाबा, थे काढून घ्या. ते बंदूक आपल्या फौजेत नाईच." दुकानवाल्यानं कुठल्या तरी परदेशी सैनिकाचं धड आणून त्याचं मुंडकं लावलं होतं. 1962 आणि 1965 मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन सीमेवर जवानांपर्यंत गेले होते, असं माझे वडील सांगायचे. आमचे पुढारी चौकापर्यंत येतात. फ्लेक्स आता भावाच्या वावरात सोयाबीनच्या कुटारावर झाकलेला आहे, छापील बाजू आत करून.

मे 2025 आला. 7 तारखेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं. पोराचा फोन त्याच्या दोन दिवस आधीपासून बंद. टीव्हीनं त्या रात्री काय काय जिंकलं ते मी लिहीत नाही, सगळ्यांनी पाहिलं आहे. वहिनी टीव्हीसमोर बसायची, उठायची, पुन्हा बसायची. मला निंबाखालची ती बाई दिसत होती. तिला निदान मी तरी होतो, नाही म्हणून सांगायला. 10 तारखेला गोळीबार थांबला, तरी फोन नाही. 12 ला संध्याकाळी वाजला. मिनिटभर बोलला असेल. आईला म्हणाला, मी बरा आहे, जेवलो. बापाला म्हणाला, "जूनच्या आधी पऱ्हाटी टाकू नोका. बोंडअळी येते."

डवरणी झाली का, असं 26 वर्षांपूर्वी मी वाचून दाखवलं होतं.

दिवाळीत तो सुट्टीवर आला तेव्हा सीतादही, म्हणजे कापूस वेचायच्या सुरुवातीची पूजा, होऊन गेली होती, वेचणी चालू होती. बांधावर बसलो असताना त्यानं मला फौजेतले तीन शब्द सांगितले: नाम, नमक, निशान. पलटणीचं नाव, खाल्लेलं मीठ आणि झेंडा. मी म्हटलं, ते ठीक आहे, पण रात्री पहाऱ्यावर मनात काय असतं? देश? तो हसला. "देश लय मोठा आहे, मोठे बाबा. राती डोयासमोर येत नाई. बाजूचा बडी येते. मले डुलकी लागली त मरण त्याले येईन." मग जरा थांबून, "आन् त्याईचं नाव खराब नाई झालं पाहिजे." त्याईचं म्हणजे हवालदाराचं.

आता पैशाचं. तेही लपवत नाही. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिन्याला 30,000, तिसऱ्या वर्षी 36,500. त्यातले 30 टक्के सेवानिधीत कापले जातात. चार वर्षांनी सरकारचा वाटा आणि व्याज धरून सुमारे 11 लाख 71 हजार. पेन्शन नाही. शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम होणार, बाकीचे घरी. त्याच्या पगारातून सोसायटीचं कर्ज फिटलं, बहिणीची नर्सिंगची फी गेली. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,521 रुपये होता, भावाला झाला सोळा क्विंटल, त्यातून किलोला दहा रुपयांनी वेचाई द्या, मग बियाणं, खत, फवारणी. पोटासाठी गेला, हे खरंच आहे.

पण मीही पोटासाठीच पत्रं वाटली. 42 वर्षांनी घरी आलो तेव्हा मलाही पेन्शन लागली नाही, डाकसेवकाला ती नसतेच. म्हणून त्या बाईचं पत्र मी पुरात सायकल डोक्यावर घेऊन पोचवलं ते खोटं होतं का? ज्याचं पोट भरलेलं आहे त्याचंच ध्येय खरं, असं म्हटलं तर आमच्या भागात ध्येय ठेवायची कोणालाच परवानगी उरणार नाही. आणि याच्या उलटंही मी तितक्याच जोरानं म्हणतो. पोरं ध्येयानं जातात, मग त्यांना पेन्शन कशाला, असं कोणी सुचवत असेल, तर त्यानं आधी आपली सोडावी. 2027 च्या अखेरीस आमचा पोरगा कदाचित घरी येईल. निमलष्करी दलांत अग्निवीरांना दहा टक्के जागा ठेवू, असं सरकारनं 2022 मध्ये सांगितलं होतं. ती भरती वेळेवर काढा, एवढं आपल्या पेपरानं लावून धरलं तर बरं होईल.

दुसरं एक काम गावातलंच आहे. सध्या पहाटे रस्त्यावर नऊ पोरं आणि दोन पोरी पळतात. लिंबाच्या गाडीपासून रेतीच्या टिप्परपर्यंत सगळं त्याच वेळी त्याच रस्त्यानं जातं. मागच्या महिन्यात एका पोराच्या खांद्याला टिप्परचा आरसा घासून गेला. गावाला ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरान, जमीन आहे, तिच्यावर 400 मीटरचा गोल आखायला एक ट्रॅक्टर आणि दोन दिवस लागतील. दोन ग्रामसभांत ठराव मांडला, दोन्ही वेळा कोरम नव्हता. फ्लेक्स लावायला कोरम लागत नाही.

हवालदाराचे गुडघे गेले आहेत, तो आता खुर्ची टाकून बसतो. घड्याळ अजून माझ्याकडंच आहे. परवा दोघींपैकी एक पोरगी सर्वांच्या आधी आली, दम घेतला आणि न सांगता मागं वळली.

पत्र छापलंत तर कात्रण मी अंतर्देशीयात घालून 56 एपीओला पाठवीन. अंतर्देशीयात वेगळा कागद घालायचा नसतो, हा खात्याचा नियम मला माहीत आहे. तेव्हा पाकिटातच पाठवीन.

कळावे,
आपला एक वाचक,
निवृत्त ग्रामीण डाकसेवक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(नाव-गाव छापू नये, कारण वर लिहिलं आहे.)